घडीच्या चाकूचे चामडी म्यान : समज आणि वस्तुस्थिती

घडीच्या चाकूसाठी कमरपट्ट्याला अडकवायचे म्यान म्हणजे सुऱ्या-कट्यारींच्या म्यानाचीच छोटी आवृत्ती, हा या विषयातील सर्वांत मूलभूत गैरसमज होय. न मिटणाऱ्या सुरीची धार थेट चामड्याला भिडते, म्हणून तिच्या म्यानात दोन थरांच्या मध्ये चामड्याची अरुंद पट्टी घालून धारेपासून शिवण वाचवावी लागते. घडीच्या चाकूची धार मात्र मुठीतच बंद झालेली असते, त्यामुळे ही मधली पट्टी येथे अनावश्यक ठरते आणि म्यानाचे काम वजन पेलणे, वाकताना-बसताना चाकू निसटू न देणे आणि हवा तेव्हा तो सहज हाती देणे एवढेच उरते. 1964 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला ‘बक 110’ हा चाकू मिटल्यावरही सुमारे 12 सेंटिमीटर लांब आणि 200 ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. तो खिशात न ठेवता कमरेच्या म्यानात बाळगण्याची पद्धत तेथे रुळली, ती या वजनामुळेच.

चामडे जितके जाड तितके म्यान टिकाऊ, असेही मानले जाते. वस्तुतः जाडीपेक्षा चामडे कसे कमावले आहे, म्हणजे कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे अधिक निर्णायक असते. बाजारातील बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ, लवचीक आणि पाण्याला बरेच टिकणारे असले, तरी त्याला दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. झाडांच्या साली आणि फळे यांतील टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेले चामडे ओले असताना मातीसारखे दाबता येते आणि वाळल्यावर त्याच आकारात ताठ राहते. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून परंपरेने कमावले जाणारे चामडे याच जातीचे आहे. अशा चामड्याची दोन ते अडीच मिलिमीटर जाडी साध्या म्यानाला पुरेशी होते. चार मिलिमीटरचे चामडे घडीवर तडकण्याची शक्यता वाढते आणि कमरेवर ते निष्कारण फुगीर दिसते.

चाकूची बाह्यरेषा कागदावर काढून शिवणीपुरती जागा सोडली की माप झाले, ही समजूत सर्वाधिक चामडे वाया घालवते, कारण तीत चाकूची जाडी हिशेबातच धरली जात नाही. मिटलेला चाकू 30 मिलिमीटर रुंद आणि 15 मिलिमीटर जाड असेल, तर त्याचा घेर 90 मिलिमीटर होतो, म्हणून एका बाजूला घडी आणि दुसऱ्या बाजूला शिवण असलेल्या म्यानाच्या प्रत्येक अर्ध्या भागाला 45 मिलिमीटर, शिवाय चामड्याच्या जाडीसाठी दोन-तीन आणि शिवणीच्या कडेसाठी सात-आठ मिलिमीटर अशी रुंदी द्यावी लागते. आधी जाड कागदाचा नमुना चाकूभोवती गुंडाळून पाहणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. पट्टा ओवण्याची पट्टी मागील भागावर म्यान मिटवण्यापूर्वीच शिवावी लागते, नंतर आत सुई पोचत नाही. हा क्रम प्रथमच म्यान करणारे हमखास चुकवतात.

हातशिवण कच्ची आणि यंत्राची पक्की, हा समज तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. शिलाई यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात, त्यामुळे एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाकेही सैल पडू लागतात. खोगीर शिवणारे कारागीर मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या समोरासमोर काढतात. एक धागा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. मात्र छिद्रे तीन-चार मिलिमीटर अंतरावर असावीत, फार जवळ पाडल्यास टपालतिकिटाच्या कडेप्रमाणे चामडे तेथूनच फाटते.

टिचबटण अनिवार्य नाही. शिवलेले म्यान कोमट पाण्यात भिजवून, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला चाकू आत ठेवून ते गुळगुळीत लाकडाने दाबत आकारात आणले, तर वाळल्यावर चाकू नुसत्या घर्षणानेही घट्ट बसतो. धावणे किंवा डोंगर चढणे असेल तरच झाकणाची पट्टी हवी. प्लॅस्टिकचा कागद येथे केवळ पाण्यापासून बचाव म्हणून नसतो, कारण ओल्या चामड्यातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून न निघणारे काळे डाग पाडते. लवकर वाळावे म्हणून म्यान भट्टीजवळ ठेवणे घातक होय, कारण अशा ओल्या चामड्याचे तंतू सुमारे 70 ते 85 अंश सेल्सियस तापमानाला कायमचे आक्रसतात. सावलीत एक-दोन दिवस लागतात, ते लागू द्यावेत.

भरपूर तेल पाजल्याने म्यान जलरोधक होते, हेही खरे नाही. जास्त तेलाने ते मऊ पडून कमावलेला ताठपणा गमावते, म्हणून मेणाचा पातळ हात पुरेसा असतो. चाकू मात्र दीर्घकाळ म्यानात ठेवून देऊ नये. चामडे हवेतील ओलावा शोषते आणि पाते, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, गंजते. शिवाय चामड्यातील स्निग्धाम्लांमुळे पितळी भागांवर हिरवट, मेणचट थर चढतो. हा थर कोरड्या फडक्याने पुसून निघतो, पण चाकू आत राहिल्यास पुन्हा चढतो, त्यामुळे वापर नसताना चाकू आणि म्यान वेगवेगळे ठेवणे इष्ट.