गाडी पाण्यात उतरते तेव्हा

पूर्व विदर्भात पावसाळ्यात रस्ता कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झाले, हे सांगणे कठीण जाते. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव, ओढे-नाले आणि या सर्वांना पोटात घेणारी वैनगंगा अशी पाण्याची नुसती दाटी आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगा भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली. अडकलेल्या लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

अशा वेळी बोटीची एक अडचण असते. तिला पाणी लागते, आणि तेही पुरेसे खोल. पुराच्या कडेला मात्र गुडघाभर पाणी, मग चिखल, मग उघडा रस्ता, मग पुन्हा पाणी असा प्रकार असतो. तेथे बोट उचलून न्यावी लागते. म्हणून जमिनीवर, चिखलात आणि पाण्यातही चालणारी एकच गाडी का नसावी, असा विचार कोणाच्याही मनात येईल. अशी गाडी आहे. बेडकासारखे तिलाही 'उभयचर' म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबात पूर आला, तेव्हा अमृतसर जिल्ह्यात लष्कराने 'ॲटोर एन-१२००' नावाची अशी वाहने बचावकार्यासाठी वापरली. जवळजवळ माणसाच्या उंचीची चार फुगीर चाके आणि मध्ये एक पेटी, असे तिचे रूप आहे. हिच्याहून पुष्कळ लहान, सहा किंवा आठ चाकांची, प्लॅस्टिकच्या टबासारख्या अंगाची उभयचर वाहने कॅनडात १९६० च्या दशकापासून बनत आली आहेत. शिकारी, वनरक्षक, दलदलीत काम करणारे लोक ती वापरतात.

तळे ओलांडणे ही या गाड्यांची नेहमीची कामगिरी. पण तळे वेगळे आणि मोकळे पाणी वेगळे. हा फरक किती मोठा आहे आणि तो कुठून येतो, हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रावरून समजून घेता येते.

किती बुडेल, किती उरेल

आठ चाकांच्या लहान गाडीसाठी आपण ढोबळ आकडे घेऊ. तिचा टब ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. टब १ सेंटिमीटर खाली गेला की ३६ लिटर पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तेवढ्याने ३६ किलोग्रॅम भार पेलला जातो. गाडीचे वजन ६०० किलो आणि तीन माणसांचे २१० किलो, एकूण ८१० किलो. हवेने भरलेली चाकेही पाणी सारतात. प्रत्येक चाकाचा बुडालेला भाग २५ लिटर धरला, तर आठ चाके मिळून २०० किलो उचलतात. उरले ६१० किलो. त्याला ३६ ने भागले की सुमारे १७ सेंटिमीटर येतात. टबाची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर पाण्यावर २८ सेंटिमीटर काठ उरला.

हा उरलेला काठ म्हणजे गाडीची सारी शिल्लक. आणखी दोन माणसे बसवली, तर त्यातले जवळजवळ ४ सेंटिमीटर गेले. माणसे एका बाजूला सरकली आणि गाडी १० अंशांनी कलली, तर खालच्या बाजूचा काठ आणखी १० सेंटिमीटरने उतरतो (टबाची निम्मी रुंदी ६० सेंटिमीटर आणि १० अंशांची ज्या सुमारे ०.१७, यांचा गुणाकार विद्यार्थ्यांनी करून पाहावा). ही सगळी वजाबाकी स्थिर पाण्यातली आहे. लाट अजून आलेलीच नाही.

चाक वल्ह्याचे काम कसे करते

या लहान गाड्यांना बहुधा वेगळा पंखा नसतो. टायरवरचे जाड खाचे हेच त्यांचे वल्हे. चाक फिरते तेव्हा त्याची खालची बाजू पाणी मागे ढकलते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गाडी पुढे जाते. पण त्याच वेळी चाकाची वरची बाजू पुढे जात असते! चाक पूर्ण बुडाले, तर वरची बाजू पाणी पुढे ढकलील आणि खालच्या बाजूची बरीचशी मेहनत फुकट जाईल. चाक अर्धेच बुडालेले असते, वरचा भाग हवेत फिरतो, म्हणून गाडी सरकते. यावरून एक गोष्ट सहज निघते. जास्त ओझे घातले की काठ कमी होतोच, शिवाय चाके खोल जाऊन वेगही मंदावतो.

मुळात हा वेग माणसाच्या चालण्याइतकाच, ताशी ४ ते ५ किलोमीटर. इंजिन दणकट असले तरी खाचे पाण्यात घसरत राहतात, आणि पेटीसारखे अंग पाणी कापत नाही, लोटते. नदीत हे महागात पडते. प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर तो ताशी ७.२ किलोमीटर झाला. गाडी प्रवाहाविरुद्ध जाऊच शकत नाही. आडवी जायचे म्हटले, तर ताशी ४ किलोमीटरने २०० मीटर रुंद पात्र ओलांडायला ३ मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात ती ३६० मीटर खाली वाहून जाते. सदिशांची बेरीज शिकवताना फळ्यावर मांडण्याजोगे हे उदाहरण आहे. वाहून जाण्याच्या त्या ३६० मीटरांत एखाद्या पुलाचा खांब किंवा बुडालेले बाभळीचे झाड असेल तर काय, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

रणगाड्यांनाही हा अनुभव आला आहे. १९७१ च्या युद्धात मेघना नदी ओलांडताना आपले पीटी-७६ हे तरंगणारे रणगाडे काही अंतर पोहले. पण पात्र इतके रुंद होते की इंजिने तापली. शेवटी त्यांना देशी नावांनी ओढून न्यावे लागले. वैनगंगेच्या काठावर डोंगा चालवणाऱ्या ढिवर बांधवांना ही गोष्ट सांगितली, तर त्यांना नवल वाटणार नाही. आता मोठ्या लष्करी वाहनांना पाण्यासाठी स्वतंत्र साधन देतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेने टाटा मोटर्सबरोबर जे आठचाकी चिलखती वाहन तयार केले, ते पाण्यात मागे जोराने धार सोडून पुढे जाते.

वाऱ्याची धाव

आता लाटेकडे येऊ. पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे वैनगंगेवर धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या आणि ३३ दरवाजांच्या या धरणामागे मोठा जलाशय पसरला आहे. तेथे जलपर्यटनाचा प्रकल्पही राज्य शासनाने हाती घेतला आहे. गावच्या मामा तलावात आणि या जलाशयात पाणी तेच आणि वाराही तोच. तरी लाटा सारख्या नसतात.

लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि पाण्यावरून धावायला त्याला किती मोकळे अंतर मिळाले. तिसऱ्या गोष्टीला आपण 'वाऱ्याची धाव' म्हणू. वारा पुरेसा वेळ वाहिला, तर लाटेची उंची ढोबळमानाने धावेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. धाव चौपट, तर लाट दुप्पट.

अभियंते वापरतात त्या सूत्राने ताशी ५४ किलोमीटर वाऱ्यासाठी हिशेब केला, तर ३०० मीटरच्या तलावावर लाट सुमारे १३ सेंटिमीटर उंच होते. २ किलोमीटर धाव मिळाली, तर सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे फूटभराहून अधिक. आणि त्यासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. ५ किलोमीटर धाव आणि तासभर वारा असेल, तर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. हे आकडेही मोठ्या लाटांच्या सरासरीचे आहेत. अधूनमधून येणारी एखादी लाट याच्या दीडपट-पावणेदोनपट असते. आपल्या गाडीचा काठ मात्र २८ सेंटिमीटर.

मे-जूनमध्ये विदर्भात वळवाचे वादळ किती लवकर उठते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. क्षितिजावर काळा ढग दिसला तेव्हा गाडी काठापासून १ किलोमीटर आत असेल, तर ताशी ४ किलोमीटरने परत यायला १५ मिनिटे लागतील. वारा समोरून असेल, तर त्याहून बरीच जास्त, कारण उथळ बुडालेल्या पेटीला वारा सहज मागे लोटतो.

टबात पाणी आले की

लाटेचे पाणी आत आले, तरी गाडी लगेच बुडत नाही. टबात ५ सेंटिमीटर पाणी साचले, तर ते १८० किलो झाले; म्हणजे अडीच माणसे. पण ही माणसे जागेवर बसणारी नव्हेत. परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. टबातही तेच होते. गुरुत्वमध्य कललेल्या बाजूला सरकतो, त्या बाजूचा काठ खाली येतो आणि पुढची लाट पहिलीपेक्षा जास्त पाणी आत टाकते. बोटीत तळ झाकून, हवाबंद कप्पे किंवा फेस भरून याला आवर घालतात. उघड्या टबाच्या गाडीत पाणी उपसणारा एखादा छोटा पंप असतो. त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे.

याची किंमत १९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेत मोजावी लागली. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४२ मध्ये बनवलेल्या 'डक' या सहा चाकी उभयचर ट्रकच्या धर्तीची वाहने तेथे पर्यटकांना तळ्यात फिरवत असत. मिसूरी राज्यातील टेबल रॉक तलावात असे एक वाहन ३१ जणांना घेऊन उतरले. वादळाचा इशारा आधीच दिलेला होता. वाऱ्याने उठलेल्या लाटा आत शिरल्या, वाहन बुडाले आणि १७ जण गेले. बुडणाऱ्या वाहनाचे पक्के छत वर असल्यामुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही. तो समुद्र नव्हता, धरणाचा जलाशय होता, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. पाण्याने भरल्यावरही तरंगत राहील अशी व्यवस्था या वाहनांत हवी, अशी शिफारस तेथील अपघात तपास मंडळाने १९९९ मधील अशाच एका दुर्घटनेनंतर केली होती. त्या दुर्घटनेत १३ जण मरण पावले होते.

याउलट एक उदाहरण आहे, आणि त्याची सुरुवात भारतातच झाली. फोर्ड कंपनीने महायुद्धात एक उभयचर जीप बनवली. ती ठरवल्यापेक्षा बरीच जड झाली, अंग मात्र त्या मानाने वाढवले गेले नाही. त्यामुळे काठ थोडा उरला आणि समुद्रात ती अपयशी ठरली. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता तेव्हा भारतीय सैन्यात होता. १९४६ मध्ये बंगालमधील कलाईकुंडा विमानतळावर त्याने अशी एक जीप पाहिली आणि हिच्यातून जगप्रदक्षिणा करायची असे ठरवले. १९५० मध्ये पत्नीसह कॅनडाहून निघून त्याने अटलांटिक ओलांडला, आणि १९५८ मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. हे वेडे साहस जमले, कारण त्याने जीपचे उघडे अंग वरून बंद केबिन बांधून झाकले होते. लाट वरून गेली, तरी आत येत नव्हती. तरीही त्याने गाडीला नाव दिले 'हाफ-सेफ', अर्धवट सुरक्षित!

मग भंडाऱ्यात तिचा उपयोग काय?

आहे, पण कडेला. गोसेखुर्दच्या मोकळ्या फुगवट्यात तिने जाऊ नये. तेथे साधी मोटारबोट केव्हाही बरी. परंतु पुराचे पाणी ओसरताना राहिलेला गाळ, बुडालेल्या बांध्या, गाव आणि रस्ता यांच्यामधले संथ, उथळ पाणी येथे बोटीचा तळ टेकतो आणि ट्रॅक्टर रुततो. तेथे रुंद, कमी हवेच्या चाकांची गाडी कामाची, कारण तिचा जमिनीवरचा दाब फार कमी असतो. वैनगंगेत माजणारी जलपर्णी बोटीच्या पंख्याला गुंडाळून बसते. जाडजूड चाकांना ती तितकी अडवत नाही. अर्थात लाइफ जॅकेट अंगात, तळाची बुचे घट्ट आणि वजन कंपनीने *पाण्यासाठी* सांगितलेल्या मर्यादेत हवे. जमिनीवरची मर्यादा बहुधा याहून जास्त असते, आणि गल्लत नेमकी येथेच होते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. प्लॅस्टिकचा सपाट तळाचा आयताकृती डबा घ्या. लांबी-रुंदी मोजून, १ सेंटिमीटर बुडण्यासाठी किती ग्रॅम लागतील ते आधी वहीत लिहा. मग बादलीत किंवा टाक्यात तो तरंगवून खडे घालत जा आणि पट्टीने काठ मोजा. त्यानंतर खडे काढून तेवढ्याच वजनाचे पाणी डब्यात ओता. काठ पहिल्याइतकाच उरेल. आता एका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा, आणि खड्यांचा डबा व पाण्याचा डबा कसे वेगळे वागतात, ते मुलांना पाहू द्या.