तुटका तंबोरा भंगारात घालू नका. मिरजेत दोन मोडक्या वाद्यांतून एक उभं राहतं

मिरज : सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत एखादा जुना तंबोरा नाहीतर भजनाची वीणा पडून असते. देवळाच्या माळ्यावर, भजनी मंडळाच्या पेटीमागं, किंवा एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या फोटोखाली. भोपळ्याला चीर गेलेली, दोन खुंट्या हरवलेल्या, तारा गंजलेल्या. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की माळा साफ होतो आणि हे वाद्य भंगाराच्या गाडीवर जातं. नाहीतर शोभेच्या जुन्या वस्तू घेणारा कुणीतरी येतो आणि किरकोळ पैसे टेकवून उचलून नेतो.

गावाला वाटतं, मोडकं होतं, गेलं. पण तंबोरा सगळाच्या सगळा कधी मोडत नाही. एकाचा भोपळा फुटतो, त्याची दांडी चांगली असते. दुसऱ्याची दांडी वाकते, त्याचा भोपळा खणखणीत असतो. अशा दोन मोडक्या वाद्यांतून एक चालतं वाद्य उभं करता येतं, आणि ते काम करणारे हात आपल्याच जिल्ह्यात, मिरजेत आहेत. मात्र कुठला भाग कुठल्या भागाला चालतो, हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीनं उरलेलं वाद्यही जातं.

धंद्याची सुरुवातच दुरुस्तीनं

मिरजेची तंतुवाद्यं आज देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण या धंद्याचं मूळ दुरुस्तीत आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि शस्त्रांचं काम गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं मिरजेत बिघडलेली वाद्यं नीट करायला घेतली. दुरुस्ती करता करता वाद्य उलगडलं, आणि मग नवीन बनवणं सुरू झालं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढं या घराण्यांचं आडनावच 'सतारमेकर' पडलं.

गवयांचा राबता असल्यानं हे काम इथं टिकलं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठकी होतात. सातारा जिल्ह्यात औंधचा संगीत महोत्सव जुना. गाणाऱ्याला तंबोरा लागतो आणि तंबोऱ्याला वरचेवर कारागीर लागतो, असं हे नातं.

भोपळा : शेतात पिकणारा भाग

तंबोऱ्यातला सगळ्यात मोलाचा भाग कुठला असं विचारलं तर बहुतेक जण नक्षीची दांडी दाखवतील. खरं तर तो मान भोपळ्याचा. हा आपल्या परसातला भाजीचा दुध्या नव्हे. त्याच्याच जातीचा, पण कडू, मोठा आणि जाड कवचाचा भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून मिरजेला येतो. कवळा तोडून बाजारात न्यायची सोय नाही. वेलावरच पिकू द्यायचा, कवच लाकडासारखं कडक होऊ द्यायचं आणि नीट वाळवायचा. म्हणजे रान अडकून राहतं आणि पैसा उशिरा हातात येतो. उजनीचं पाणी त्या भागात फिरल्यावर ऊस वाढला, हे सगळ्यांनी पाहिलंय. पाणी असताना शेतकऱ्यानं भोपळ्याचा वेल का राखावा, याचं उत्तर शेती करणाऱ्याला विचारायची गरज नाही.

वाळलेला भोपळा कारागीर पाण्यात भिजत घालतात. कवच मऊ पडलं की तोंड कापून आतला गर आणि बिया काढतात. मग आतून लाकडी काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. एवढं केल्यावर त्यावर लाकडाची पातळ तबली बसते. तारेची कंपनं घोडीतून तबलीत आणि तबलीतून भोपळ्याच्या पोकळीत जातात, तिथं आवाज भरतो.

म्हणून जुन्या वाद्याचा भोपळा शाबूत असेल तर ते वाद्य मेलेलं नाही. वर्षानुवर्षं वाळलेला भोपळा आता आणखी आकसणार नाही, वाकणार नाही. नव्याची तेवढी खात्री देता येत नाही. बारीक चीर असेल तर आतून कापड किंवा कागद सरसानं चिकटवून ती धरता येते. तुकडाच उडाला असेल तर दुसऱ्या मोडक्या भोपळ्याच्या कवचाचा तुकडा त्याच गोलाईचा शोधून बसवतात. म्हणजे फुटका भोपळासुद्धा दुसऱ्याच्या ठिगळाला कामी येतो.

भोपळा तपासायचा कसा? कलिंगड तपासतो तसाच, बोटानं वाजवून. साफ, पोकळ आवाज आला तर चांगलं. कुठं बद्द वाजलं किंवा आत काही खडखडलं तर तिथं भेग किंवा सुटलेला तुकडा असतो. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. अशा वाद्याला दुसऱ्या वाद्याजवळ ठेवू नये.

दांडी जुळवणं हे खरं अवघड काम

दांडी साधारण तुणीच्या लाकडाची असते, कारागीर त्याला तून म्हणतात. लाकूड हलकं आणि बऱ्यापैकी वाळलेलं लागतं. दांडी भरीव नसते, आतून कोरलेली असते आणि वरून पट्टी बसवलेली असते. भोपळा आणि दांडी जिथं मिळतात त्याला गळा म्हणतात. चारही तारांचा ताण रात्रंदिवस या सांध्यावर असतो. त्यामुळं जुन्या तंबोऱ्याचा सांधा सुटतो तो बहुधा गळ्यालाच. पाहणाऱ्याला वाटतं वाद्य तुटलं. प्रत्यक्षात फक्त चिकटवण सुटलेली असते.

इथं सरसाचं महत्त्व कळतं. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. म्हणून जुना सांधा लाकूड न फोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा बसवता येतो. गावात मात्र उत्साही कार्यकर्ता एम-सील नाहीतर दुकानातला पांढरा गोंद भरून मोकळा होतो. तो सांधा पुढं कारागिराला उघडताच येत नाही, करवत लावावी लागते. सुटलेला सांधा सुतळीनं बांधून ठेवलेला परवडला, पण चिकटवलेला नको.

एका वाद्याची दांडी दुसऱ्याच्या भोपळ्यावर बसवताना तीन गोष्टी पाहतात. गळ्याची रुंदी जुळते का. दांडीचा भोपळ्याशी असलेला कोन बरोबर येतो का, कारण कोन चुकला तर तारा एक तर फार वर राहतात किंवा घोडीवर नीट दाबून बसत नाहीत. आणि तारेची लांबी. पुरुषी आवाजाचा तंबोरा लांब असतो, बायकांच्या आवाजाचा आखूड. मोठ्या भोपळ्यावर आखूड दांडी घातली तर वाद्य दिसतं ठीक, पण ज्या पट्टीसाठी भोपळा घडवला त्या पट्टीत ते बोलत नाही. भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी यांची जोडी जमवणं हे कारागिराच्या नजरेचं काम आहे, टेपनं अर्धंच कळतं.

गिटारचं सोपं का असतं

शहरात हल्ली पोरं जुने भाग गोळा करून बेस गिटार बनवतात. एकाची दांडी, दुसऱ्याचं अंग, तिसऱ्याच्या खुंट्या. मोबाइलवर असे व्हिडिओ सापडतात आणि ते पाहून वाटतं, तंबोऱ्याचंही असंच होईल. तसं होत नाही.

बेस गिटारची आजची घडण अमेरिकेत 1951 साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणली. अंग भरीव लाकडाचं, पोकळी नाही. दांडी चार स्क्रूनं आवळलेली. स्क्रू काढले की दांडी हातात येते. तारेची लांबी 34 इंच ठरलेली, आणि पुढं बहुतेक कारखान्यांनी तेच माप धरलं. म्हणून एका गिटारची दांडी दुसऱ्याला बऱ्याचदा बसते, खाच थोडी घासावी लागते एवढंच. ट्रॅक्टरचे नटबोल्ट जसे एकमेकांना चालतात तसं. तिथं एकच गोष्ट काटेकोर लागते. अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत पाहिजे. ते चुकलं की प्रत्येक पडद्यावर सूर बेसूर. आवाज मोठा करायचं काम तारेखालचं चुंबक आणि वायरचं वेटोळं करतं, त्यामुळं लाकडाच्या जोडाजोडीतली उणीव बरीच झाकली जाते.

तंबोऱ्याला पडदे नाहीत, म्हणून ती अंतराची भानगड नाही. पण त्याला चुंबकही नाही. जो काही आवाज आहे तो लाकडाचा आणि भोपळ्याचा. आणि भोपळा कारखान्यात नाही, वेलावर तयार होतो. कुठलेही दोन भोपळे सारखे नसतात, मग सुटे भाग ठरलेल्या मापाचे येणार कुठून?

घोडी आणि खुंट्या : लहान भाग, मोठं नुकसान

तबलीवरची घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो रुंद तुकडा. तिची वरची बाजू सपाट दिसते, पण तिला अगदी बारीक उतार घासलेला असतो. तार त्या उतारावर हलकी घासत थरथरते, त्यामुळंच तंबोऱ्याचा तो भरलेला, झिणझिणता आवाज येतो. यालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती शेवटची जमवतात. वर्षानुवर्षं वाजवल्यावर तारेची खाच पडते आणि आवाज मिटतो. तंबोरा 'बसला' म्हणून टाकून देतात त्यातले बरेच फक्त जवारी गेलेले असतात.

दुसऱ्या वाद्याची घोडी वापरता येते. पण तिची उंची नव्या जागेला जमायला हवी आणि पाय तबलीच्या गोलाईवर पुरते टेकायला हवेत. पायाखाली कागदाएवढी फट राहिली तरी आवाज गळतो. फार जुन्या घोडीवर हस्तिदंत असू शकतो. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं कुणी त्यासाठीच भाव करत आला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

खुंट्यांचं बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक खुंटी तिच्या भोकाला घासून बसवलेली असते. अदलाबदल केली की ती घसरते आणि तार उतरते. खुंट्या काढाव्याच लागल्या तर प्रत्येकीवर नंबरची चिठ्ठी बांधावी. घसरत असेल तर खडू लावावा, तेल कधीच नाही. तेल एकदा लाकडात मुरलं की खुंटी धरतच नाही. तारांच्या जागी मिळेल ती वायर ताणायची सवयही सोडावी. जास्त जाड वायर ताणली की आधी गळा सुटतो आणि मग तबली खचते.

मोबाइल आहे की!

मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. रियाजाला ॲप चालतं, नाही असं नाही. पण अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. रात्री दोन वाजता पहाऱ्याला उभा राहिलेला माणूस गळ्यात मोबाइल अडकवून उभा राहणार आहे का? वारकऱ्यांची वीणाही तंबोऱ्याच्याच घरातली, पडदे नसलेली, सूर धरून ठेवणारी. तिची घोडी, खुंट्या आणि सांधे यांना वरचेच नियम लागू होतात.

मिरजेला नेताना

आधी सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीनं सैल कराव्यात. एकच तार पूर्ण सोडून बाकीच्या ताणलेल्या ठेवल्या तर ताण एका बाजूला जातो. तारा सैल झाल्या की घोडी सुटते, ती कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी. सुटलेला प्रत्येक तुकडा, अगदी नखाएवढी कपची असली तरी, पिशवीत घालून न्यावा. तारेत ओवलेले मणी पडले असतील तर तेही शोधावेत. भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळावी. साताऱ्या-कराडकडून येणाऱ्यांना पुणे-मिरज लोहमार्गाची गाडी एसटीपेक्षा बरी, कारण वाद्य सीटवर आडवं ठेवता येतं आणि धक्के कमी बसतात.

मिरजेत उतरून सतारमेकर गल्ली विचारली की कुणीही सांगतं. एकाच दुकानात न थांबता दोन-तीन ठिकाणी वाद्य दाखवावं. सांधा उघडायला लागेल का, भोपळा हाच राहील की बदलेल, बदलला तर जुना भोपळा परत मिळेल का, हे कामाआधीच विचारून घ्यावं आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावं. शेजारच्या गावातही असंच एखादं वाद्य पडून असेल तर दोन्ही एकत्र नेणं सोयीचं. एकाच फेरीत कारागिराला दोन्ही समोर ठेवून पाहता येतात आणि कुणाचं काय कुणाला बसेल ते तिथंच कळतं. मात्र ज्या गावाचं वाद्य भागांसाठी जाणार, त्या गावाची परवानगी आधी घ्यावी. देवळातलं वाद्य बहुतेक वेळा कुणीतरी दान दिलेलं असतं आणि दांडीवर त्याचं नाव कोरलेलं असतं.