शाळेकडून विद्यापीठाकडे : अभ्यासाची बदलणारी रीत

जून महिना उजाडला आणि सह्याद्रीवर पावसाचे ढग उतरू लागले की, फोंडाघाट परिसरातील कित्येक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा वा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली; आता पुढे काय? कोणी गावातच कला अथवा वाणिज्य शाखेत प्रवेश घेतो, कोणी कणकवलीस जातो, तर कोणी घाट चढून कोल्हापूरची वाट धरतो. कोणत्या शाखेत जावे, खर्च किती येईल, राहावयाची सोय कोठे होईल, याचा विचार पालक आवर्जून करतात. मात्र तेथे अभ्यास कसा करावयाचा असतो, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. पहिल्या वर्षी अनेक गुणी विद्यार्थी अडखळतात, याचे एक मोठे कारण येथेच आहे.

कोकणातील विद्यार्थी शालेय परीक्षेत मागे नाहीत. २०१२ साली रत्नागिरी येथे कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात सातत्याने अग्रभागी राहिला आहे. २०२५ साली विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु ज्या रीतीने हे यश मिळते, ती रीत विद्यापीठात जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम

शाळेत प्रत्येक विषयाचे एक नेमलेले पुस्तक असते. १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पुस्तके राज्यातील लक्षावधी मुलांच्या हाती पडतात. पुस्तकात जे आहे ते शिकावयाचे आणि जे शिकविले त्यावरच प्रश्न यावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. बालवयात तो योग्यच होय. कारण त्या वयात ज्ञानाचा पाया सर्वांसाठी सारखा घालावयाचा असतो.

विद्यापीठ पुस्तक देत नाही. ते अभ्यासक्रम देते. त्यात विषयाचे घटक आणि संदर्भग्रंथांची यादी असते. एका ग्रंथकाराचे मत दुसऱ्याहून निराळे असते. त्यांपैकी कोणाचे म्हणणे अधिक सप्रमाण आहे, हे विद्यार्थ्याने पारखून ठरवावयाचे असते.

एका साध्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. ‘सह्याद्रीतील प्रमुख घाटांची नावे लिहा’ हा शाळेतील प्रश्न. त्याचे उत्तर ठरलेले आहे. ‘फोंडा घाटाच्या मार्गामुळे कोकण व देश यांच्या व्यापारावर कोणते परिणाम झाले, याची चर्चा करा’ हा विद्यापीठातील प्रश्न. याचे तयार उत्तर कोठेही छापलेले नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेला रत्नागिरी व सावंतवाडीचा गॅझेटियर पाहावा लागेल, जुन्या व्यापाऱ्यांशी बोलावे लागेल, देवगड-निपाणी मार्गावरील आजची वाहतूक डोळ्यांखाली घालावी लागेल. येथे स्मरणशक्तीबरोबर विवेचकशक्तीचीही परीक्षा होते.

वेळेचा हिशेब

महाविद्यालयात तास कमी असतात. त्यामुळे ‘कॉलेज म्हणजे तीन-चार तासांचे काम, उरलेला दिवस मोकळा’ अशी समजूत पालकांतही आढळते. ती चुकीची आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे ३० तासांचे अध्ययन धरलेले आहे. वर्गातील व्याख्यानांचे तास साधारणतः १५ असतात. उरलेला वेळ वाचन, टिपणे व लेखन यांसाठी आहे. म्हणजेच वर्गात बसण्याइतकाच वेळ विद्यार्थ्याने स्वतः अभ्यासास द्यावा, अशी अपेक्षा आहे. मोकळा वाटणारा तास हा वस्तुतः अभ्यासाचाच तास होय.

शाळेत गृहपाठ झाला नाही तर गुरुजी घरी निरोप धाडतात. महाविद्यालयात असा निरोप सहसा येत नाही. ही उपेक्षा नसून जबाबदारीचे हस्तांतर आहे. परंतु हे कोणी समजावून सांगितले नाही, तर घरातून प्रथमच महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी गोंधळतो, मागे पडतो आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे मानून शिक्षण सोडतो. उणीव बुद्धीची नसते, ओळखीची असते.

मालवणचा आदर्श

याच जिल्ह्याच्या भूमीत एक थोर उदाहरण आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. रत्नागिरीत शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत भांडारकर होते. ज्या संस्कृत विद्येमुळे त्यांची कीर्ती झाली, तिचा सखोल अभ्यास त्यांनी पुढे शास्त्र्यांजवळ बसून, स्वप्रयत्नाने केला. शिलालेख, ताम्रपट व हस्तलिखिते तपासून त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. सांगितले ते मानण्यापूर्वी पुरावा पाहावा, हीच विद्यापीठीय अभ्यासाची खूण होय.

गावाने काय करावे?

या स्थित्यंतरात शिक्षक व पंचायत सदस्य यांना बरेच काही करता येईल. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा तरी पुस्तकाबाहेरचा प्रश्न द्यावा आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावे. व्याख्यान ऐकता ऐकता टिपणे घेण्याची सवय शाळेतच लावावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याखालील मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. गावच्या ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला संदर्भग्रंथांचे एक कपाट असावे. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. पंचायतीच्या संगणकावर तो विद्यार्थ्यांना दाखविण्यास वेगळा खर्च नाही. सायंकाळी दोन तास दिवा व बैठक यांची सोय झाली, तर दाटीच्या घरातील मुलामुलींना, विशेषतः घरकामात गुंतणाऱ्या मुलींना, मोठा आधार होईल.

गावातील पदवीधरांनी जूनमध्ये एक दिवस नव्या विद्यार्थ्यांसाठी द्यावा आणि आपण कोठे अडलो, कसे सावरलो, हे मोकळेपणाने सांगावे. शाळेने बोट धरून चालावयास शिकविले. विद्यापीठात ते बोट सुटते. ते सुटणार आहे, एवढे आधी कळले तरी पाऊल सावरते. हे कळविण्याचे काम गावाने अंगावर घ्यावे.