साथ आधी पोहोचते की सूचना?

दादर स्थानकाच्या पुलावर उभे राहून तुम्ही तेथील उद्घोषणा कधी लक्ष देऊन ऐकली आहे का? गाडी एकच, फलाट एकच. पण ती माहिती मराठीत सांगतात, हिंदीत सांगतात, इंग्रजीत सांगतात आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. शिवाय तीच माहिती वर दर्शकावर झळकत असते ती वेगळीच. घरी आई एखादी गोष्ट इतक्या वेळा सांगू लागली तर आपण वैतागतो, पण स्थानकावर कोणी वैतागत नाही. गाड्यांचा खडखडाट, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि शेजारच्या गप्पा यांत पहिली घोषणा हरवली, तर दुसरी हाती लागते.

संदेशाला बिघडवणाऱ्या अशा प्रत्येक गोष्टीला संदेशवहनाच्या शास्त्रात ‘गोंगाट’ म्हणतात. मग तो कानाला ऐकू येवो वा न येवो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली या विषयाचा पाया घातला. त्याने असे सिद्ध केले, की मार्गाच्या क्षमतेपेक्षा अधिक घाई केली नाही आणि संदेशात योग्य तऱ्हेने पुनरुक्ती घातली, तर गोंगाटातूनही संदेश जवळजवळ बिनचूक पाठवता येतो.

मात्र पुनरुक्तीने बरा न होणारा एक आजार दादरला होता. पश्चिम रेल्वेचा फलाट क्रमांक १ होता आणि मध्य रेल्वेचाही फलाट क्रमांक १ होता! नवख्या माणसाला ‘फलाट क्रमांक एक’ असे दहा वेळा सांगितले तरी तो चुकायचाच. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले. घोषणा ऐकू येणे आणि घोषणेचा एकच अर्थ निघणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहरात नव्या फ्ल्यूची साथ येते तेव्हा महापालिकेच्या आरोग्य खात्याला अशीच उद्घोषणा करावी लागते. फरक इतकाच, की येथे ऐकण्यात चूक झाली तर नुसती गाडी चुकत नाही.

१० जून १९१८ या दिवशी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. ताप मलेरियाचा नव्हता. हा रोग जहाजावरून शहरात आला, की शहरातून जहाजावर चढला, यावर अधिकाऱ्यांत मतभेद झाले. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचा रोख जहाजाकडे होता. पहिली लाट ओसरली, पण सप्टेंबरात दुसरी आली ती फार भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. भारतभर त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

तेव्हा लस नव्हती. असणार कशी? माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूच मुळी १९३३ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागला. बरेच डॉक्टर महायुद्धावर गेलेले होते. ‘अंथरुणावर पडून राहा, गर्दीत जाऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा,’ एवढेच सांगण्यासारखे होते. म्हणजे सूचना हेच औषध होते. आणि हे केवळ जुन्या काळाचे नव्हे. २००९ च्या साथीत भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. त्याच पुण्यात तयार झालेली, नाकात फवारायची लस बाजारात आली ती जुलै २०१० मध्ये. मधले अकरा महिने लोकांचे वागणे हेच मोठे हत्यार होते.

जाता जाता एक मौज सांगतो. १९१८ च्या साथीला ‘स्पॅनिश फ्ल्यू’ म्हणतात, पण ती स्पेनमध्ये सुरू झाली असा काही पुरावा नाही. लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर बंधने होती. स्पेन तटस्थ असल्यामुळे तेथल्या बातम्या मोकळेपणाने छापल्या जात होत्या. ज्याने खरे सांगितले त्याच्याच नावावर रोग जमा झाला!

नुसत्या सूचनेने असे काय मोठे साधते, असे कोणी म्हणेल. त्यासाठी वही-पेन्सिल घ्या. समजा, एक रोगी सरासरी दीड माणसाला रोग देतो आणि अशी एक पायरी चढायला सुमारे तीन दिवस लागतात. २००९ च्या फ्ल्यूचे आकडे साधारण असेच होते. आज १०० रोगी असतील, तर महिनाभराने, म्हणजे दहाव्या पायरीवर, नवे रोगी किती? १०० ला दहा वेळा १.५ ने गुणा. उत्तर येते सुमारे ५,७७०. आता समजा, सूचना वाचून लोकांनी पाच भेटींपैकी फक्त एक टाळली. दीडचे होतात १.२. पुन्हा दहा वेळा गुणा. उत्तर सुमारे ६२०! घरात कोंडून घ्यायला कोणी सांगितले नव्हते. पाचातली एक भेट, एवढेच.

पण सूचना पोहोचली पाहिजे, आणि ती बिघडता कामा नये. तोंडी निरोप साथीपेक्षा फार वेगाने धावतो. एकाने तिघांना आणि त्या प्रत्येकाने पुढच्या तिघांना सांगितले, तर सहाव्या पायरीवर ७२९ माणसांना बातमी कळते, तीही तासाभरात. अडचण अशी, की प्रत्येक पायरीवर निरोपाचा एक दशांश भाग जरी गळला वा बदलला, तरी सातव्या माणसाकडे मूळ निरोपाचा निम्म्याहून कमीच भाग शाबूत राहतो. ०.९ ला ०.९ ने गुणत जाऊन पाहा.

लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत हीच अडचण होती. तारेतून जाताना आवाज क्षीण होई, म्हणून वाटेत वर्धक बसवत. पण वर्धक आवाजाबरोबर खरखरही वाढवी. पुढे अंकीय पद्धत आली. तिच्यातली वाटेवरची उपकरणे आलेला संकेत नुसता मोठा करीत नाहीत. तो शून्य आहे की एक हे ठरवतात आणि कोरा करकरीत संकेत पुढे पाठवतात. मागची खरखर मागेच राहते. गिरगावातल्या चाळींच्या प्रवेशद्वाराशी असतो तो फळा नेमके हेच काम करतो. पहिल्या मजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा रहिवासी, दोघेही मूळ मजकूरच वाचतात. भ्रमणध्वनीवर फिरणारे सूचनेचे छायाचित्रही तसेच उपयोगी, पण त्यावर तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत हवी. नाहीतर मागच्या महिन्याची सूचना आज पुन्हा ताजी होऊन हिंडते.

आता एक प्रश्न. चुकीची बातमी लोक खरी का मानतात? लोक अडाणी असतात म्हणून, असे उत्तर चटकन दिले जाते. मला ते पटत नाही. १८९६ सालचे उदाहरण पाहा. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात नगरपालिकेने जाहीर केले, की रोग्याला घरातून काढून रुग्णालयात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे. हुकूम स्पष्ट होता. पण कशासाठी, तेथे काय करणार, नातेवाइकांना भेटता येईल का, यातले लोकांपर्यंत काय पोहोचले? आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेली बरीच माणसे परत येत नसत, हे मात्र डोळ्यांनी दिसत होते. खरे कारण असे, की रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत तेथे पोहोचत. पण ते कोणी समजावून न सांगितल्यामुळे लोकांनी स्वतःच एक कारण शोधले: तेथे माणसे मारतात, त्यांच्या अंगातून तेल काढतात. महिनाअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर हुकूम सौम्य करावा लागला, आणि पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली रोगी ठेवायला लोक अधिक राजी होते.

लोकांचे निरीक्षण बरोबर होते, अनुमान चुकले होते. भौतिकीच्या प्रयोगातही असे होते. तेव्हा आपण निरीक्षण करणाऱ्याला हसत नाही, त्याला राहिलेली माहिती देतो.

आर्थर रोडचे ते साथरोग रुग्णालय म्हणजेच आजचे सातरस्त्याजवळचे कस्तुरबा रुग्णालय. २००९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पुन्हा गर्दी झाली, पण उलट्या कारणाने. पुण्यातल्या मृत्यूची बातमी आली आणि सर्दी-खोकला झालेली माणसे तपासणीसाठी रांगा लावू लागली. शाळा-महाविद्यालये बंद ठेवली गेली. ‘धोका आहे’ हा संदेश अगदी व्यवस्थित पोहोचला होता. ‘कोणी यावे आणि कोणी येऊ नये’ हा पोहोचला नव्हता. समजा, एका खिडकीवर तासाला ६० जण तपासले जातात आणि ७५ येतात. आठ तासांनी रांगेत १२० माणसे उभी असतील. त्यांत काहींना फ्ल्यू, बाकीच्यांना साधी सर्दी, आणि सगळे एकमेकांशेजारी खोकत आहेत! अर्धवट सूचनेने रोगालाच मदत केली.

त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रोग्यांचे तीन गट पाडले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असेल तर तपासणी नको, घरी राहा. ताप व घसादुखी जास्त असेल, किंवा रोगी लहान मूल, वृद्ध, गरोदर स्त्री वा दमा-मधुमेहासारखा जुना आजार असलेला असेल, तर घरीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जरूर तेव्हा औषध. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीत रक्त, नखे निळी पडणे यांपैकी काही असेल तर ताबडतोब रुग्णालय. किती सोपे! पण गर्दी उसळल्यावर नवी संकेतभाषा शिकवणे अवघड जाते. परळ-लालबागमध्ये पूर्वी गिरणीचा भोंगा वाजे. त्यात शब्द एकही नसे, तरी पाळी भरायची वेळ झाली हे लहान मुलालाही कळे, कारण अर्थ आधीच ठरलेला होता. हे तीन गट साथ नसतानाच शाळेत शिकवायला काय हरकत आहे?

दादरच्या दोन फलाटांसारखी गफलत २०२० मध्ये करोनाच्या वेळी शब्दांची झाली. रोगी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि रोग्याच्या संपर्कात आलेल्या निरोगी दिसणाऱ्या माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. एका अक्षराच्या फरकाचे दोन शब्द, आणि दोन्ही दारावर चिकटवायचे! ‘आजारी आहे, वेगळा ठेवा’ आणि ‘आजारी नाही, पण दोन आठवडे थांबा’ असे लिहिले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

आणि वेगळे ठेवायचे तरी कोठे? बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, शौचालये मजल्यावर सामाईक. तेथल्या माणसाला ‘स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय वापरा’ अशी सूचना देणे म्हणजे न देण्यासारखेच. उलट त्यातून ‘यांना आपली परिस्थिती ठाऊकच नाही’ असा दुसराच संदेश जातो आणि पुढची सूचना वाचण्याआधीच अविश्वासाची होते. त्याऐवजी मोकळी जागा कोठे आहे, जेवण कोण देणार, आणि घरच्यांनी चौकशी कोठे करायची, हे सांगावे लागते.

करोनाच्या साथीत मुंबईने एक गोष्ट मात्र चांगली केली. सुरुवातीला खाटेसाठी सगळे शहर १९१६ या एकाच क्रमांकावर दूरध्वनी करी. पुढे तेव्हाच्या २४ विभागांपैकी प्रत्येकात स्वतंत्र नियंत्रण कक्ष आणि स्वतंत्र क्रमांक झाले. परळ-लालबागचा एफ दक्षिण, दादरचा जी उत्तर, गिरगावचा डी. एका अरुंद नळीऐवजी चोवीस नळ्या. याहून मोठा लाभ म्हणजे कक्षातला माणूस रोग्याला स्वतः दूरध्वनी करू लागला. संदेशाला परतीची वाट मिळाली. लोक काय विचारतात, हे ऐकले की सूचनेतले कोणते वाक्य फसले ते त्याच संध्याकाळी कळते. विजेच्या इस्त्रीतला तापनियंत्रक तापलेल्या तळाकडून खबर घेऊन प्रवाह तोडतो. खबर न घेता चालणारी इस्त्री कपडे जाळते.

तुम्हाला एक प्रयोग करता येईल. वर्गात दहा मुलांची रांग करा. पहिल्याच्या कानात हा निरोप सांगा: ‘नागरिकांनी श्वसनसंस्थेच्या संसर्गाची लक्षणे आढळल्यास आवश्यक ती खबरदारी घेऊन यथोचित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ शेवटच्या मुलाने काय ऐकले ते लिहून घ्या. मग दुसरी रांग करून हा निरोप पाठवा: ‘ताप-खोकला असेल तर घरी राहा. धाप लागली तर रुग्णालयात जा.’ दोन्हींत किती शब्द टिकले ते मोजा आणि दर पायरीला किती गळती झाली ते काढा. मी धरलेला एक दशांश बरोबर होता का तेही कळेल. नंतर आपल्या इमारतीच्या फळ्यासाठी फ्ल्यूची सूचना स्वतः लिहा, चाळीस शब्दांच्या आत. ती तुमच्या मजल्यावरच्या सर्वांत वृद्ध आजी-आजोबांना वाचायला द्या आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढेच विचारा. त्यांचे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या, मग सूचना पुन्हा लिहायला बसा.