महाळुंगाचा भाव किती?

दहावीच्या वर्गात एकसामयिक समीकरणे सुरू झाली की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, "गणित येतं, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतं." माझी भाचीही त्यातलीच. मांडून दिलेली समीकरणे चटकन सोडवी; शाब्दिक उदाहरण मात्र परीक्षेत कोरेच ठेवी. दहावीनंतर गणित नसलेली शाखा कुठली, याची चौकशीही तिने सुरू केली होती.

मी तिला महावीराचार्यांचे उदाहरण घातले. हे जैन गणिती नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. आचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' ग्रंथात विचारले आहे : ९ महाळुंगे व ७ सुवासिक कवठे यांची एकूण किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. एकेका फळाची किंमत सांगा.

भाचीने लिहिले, "क्ष = महाळुंग." घोडे अडत होते ते इथेच! फळे तर मोजलेलीच आहेत. ठाऊक नाही तो भाव. "एका महाळुंगाची किंमत क्ष, एका कवठाची य" असे पूर्ण वाक्य तिच्याकडून लिहून घेतले, आणि पुढचे तिचे तिनेच मांडले :

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

आचार्यांची रीत अशी : १०७ ला ९ ने गुणा, १०१ ला ७ ने, ९६३ मधून ७०७ गेले, उरले २५६. त्याला ९ व ७ च्या वर्गांतील फरकाने, म्हणजे ३२ ने भागा. महाळुंग ८ ला! भाचीने दुसरीच वाट धरली. बेरीज केली, १६ ने भागले, क्ष + य = १३. वजाबाकी केली, २ ने भागले, क्ष − य = ३. म्हणजे महाळुंग ८, कवठ ५. आचार्यांची क्षमा मागून सांगते, मला तिचीच वाट अधिक आवडली.

"पण मावशी, दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव वेगळा लावला असला तर?" प्रश्न रास्त होता. मग हे गणित सुटणारच नाही. दोन्ही खरेद्या एकाच भावाच्या हव्यात. शिवाय दुसऱ्याने नेमकी दुप्पट फळे घेऊन २१४ दिले, तर नवे काहीच कळत नाही.

आता ती स्वतःच उदाहरणे रचते. परवाचे असे : २ किलो टोमॅटो व १ किलो कांदे ७० रुपये, ३ किलो टोमॅटो व १ किलो कांदे १२० रुपये. टोमॅटो ५० रुपये किलो आले आणि कांदे उणे ३०! म्हणजे कांदेही न्या, वर तीस रुपयेही न्या.