न विझणारा दिवा

गाडीची किल्ली फिरवली की चालकासमोरच्या फळीवर पाचसात दिवे एकदम पेटतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्यांत एक चित्र असते : बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात मोठा गोळा. हा एअरबॅगचा दिवा. काही सेकंद जळून तो विझला, तर ठीक. गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या घेतलेल्या गाडीत तो विझेना. गाडी झकास चालत होती, म्हणून मी आठदहा दिवस दुर्लक्षच केले. मग एका मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, “सर, काळी चिकटपट्टी लावून देऊ का? दिवा दिसणारच नाही.” तो थट्टा करीत नव्हता. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

एअरबॅग म्हणजे घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी. समोरून जबर धडक बसली की गाडीतली एक नियंत्रक पेटी ती ओळखते आणि पिशवीमागच्या बारीकशा तारेत वीज सोडते. तार तापते, रसायन पेटते, वायू निघतो आणि पिशवी फुगते. हे सारे सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात उरकते. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना अशा पिशवीचे पेटंट १९५३ सालीच मिळाले होते. आपल्याकडे नव्या गाडीत चालकापुढे ती असलीच पाहिजे, असा नियम जुलै २०१९ पासून आला.

आता गंमत पाहा. पिशवी वर्षानुवर्षे निजलेली असते. ती वेळेवर जागी होईल, हे कशावरून समजायचे? फुगवून तर पाहता येत नाही. म्हणून ती पेटी सारखी चाचपून बघत असते. एखादा मिलीअँपिअर-दहा मिलीअँपिअर मोजावा, इतकाच क्षीण प्रवाह ती त्या तारेतून सोडते आणि रोध मोजते. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी वर्गात सांगावा असा हा ओहमच्या नियमाचा उपयोग आहे. तार शाबूत असेल तर रोध साधारण दोनतीन ओहम भरतो. फार वाढला, तर कुठेतरी तार तुटली किंवा जोड सैल झाला. फार घटला, तर तारा एकमेकींना चिकटल्या. दोन्ही प्रसंगी पेटी दिवा लावते आणि दोषाचा क्रमांक आपल्या स्मरणात टिपून ठेवते. दिवा जळत असेल, तर धडकेच्या वेळी पिशवी उघडेल असा भरवसा धरू नये.

माझ्या गाडीत काय झाले होते? खरे तर खूण मला आधीच मिळाली होती. हॉर्न लहरी झाला होता. स्टिअरिंग डावीकडे वळवले की वाजे, उजवीकडे वळवले की मुका. स्टिअरिंग फिरते आणि खालचा दांडा ज्यात बसतो तो भाग स्थिर असतो. मग वीज वर जायची कशी? त्यासाठी मध्ये एक चपटी फीत गुंडाळलेली असते, घड्याळाच्या कमानीसारखी. तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. पुष्कळ गाड्यांत हॉर्नची आणि पिशवीची वाट याच फितीतून जाते. फीत घडीवर झिजून तुटली, की दोन्ही एकदम बिघडतात. दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने स्कॅनर जोडला, क्रमांक वाचला, हॉर्न दाबून पाहिला आणि हसला.

हॉर्न ठीक असेल तर आधी पुढच्या बैठकांखाली वाकून पाहावे. काही गाड्यांत तिथे पिवळे जोड असतात. बैठक मागेपुढे सरकवताना, खाली पिशव्या कोंबताना ते सैल होतात. पावसाचे पाणी शिरले की गंजतात. उंदरांनी तार कुरतडली असेल, तर तेही दिसते. पाहावे मात्र डोळ्यांनीच. मल्टिमीटर घेऊन पिशवीच्या टोकांना लावण्याचा मोह होईल, तो आवरा. मीटर स्वतःच प्रवाह सोडतो, आणि पिशवी तोंडावर फुटू शकते. जाणता माणूस पिशवी काढून ठेवून त्या जागी तेवढ्याच ओहमचा रोधक जोडून पाहतो. दोष गेला तर बिघाड पिशवीत, राहिला तर तारेत.

जोड सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढतात आणि थांबतात. किती? गाडीच्या पुस्तिकेत असेल तितके. कोणी तीन मिनिटे सांगतो, कोणी दहा. धडकेत बॅटरी निखळली तरी पिशवी उघडावी म्हणून पेटीत थोडी वीज साठवलेली असते, ती उतरू द्यायची. काढलेली पिशवी उचलताना तिचे तोंड आपल्याकडे नको, आणि टेबलावर तोंड वर करूनच ठेवायची. उपडी ठेवली आणि उडाली, तर छपराला जाऊन आदळेल.

माझी फीत बदलली, क्रमांक पुसला, दिवा विझला. हॉर्नही वाजू लागला.

जुनी गाडी घेणार असाल तर किल्ली फिरवल्याबरोबर त्या दिव्याकडे पाहा. तो पेटलाच नाही, तर बल्ब काढलेला असेल किंवा पट्टी लावलेली असेल. पेटून विझला तरी आणखी एक लबाडी उरते : पिशवी नसते आणि जागी तो रोधकच कायमचा जोडून ठेवलेला असतो. पेटी बिचारी फसते. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन जा आणि स्टिअरिंगचे झाकण उघडून बघायला सांगा, पैसे मोजण्याआधी.