शी-शूची सवय : अंगणवाडीची 50 वर्षं

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. 2025मध्ये तिची पन्नाशी झाली. या काळात अंगणवाडीतल्या खिचडीवर, वजनकाट्यावर, सेविकांच्या मानधनावर पुष्कळ बोललं गेलं. तीन वर्षांच्या पोराला शी-शूला नीट बसायला कोण शिकवतं, हा विषय मात्र क्वचितच निघाला.

या कामाची मुळं योजनेहून जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, 1957मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलांचं नाक पुसणं, हात-पाय धुणं हेही त्यांनी शिक्षणातच धरलं.

चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडच्या गावांत घरची रीत तीच : आई किंवा आजी बाळाला पायांवर बसवणार आणि तोंडाने ‘शूऽ’ करणार. पोर चालायला लागलं की अंगणाची कड नाहीतर बांध. मोहफुलं, तेंदूपत्ता, धानाची रोवणी अशा हंगामांत आई कामावर. मग धाकट्याचं सगळं थोरल्या बहिणीवर. रोजगार हमीच्या 2005च्या केंद्रीय कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची सोय केली.

अंगणवाडीतले संडास या कायद्यानंतर आले असं नाही. 1999च्या संपूर्ण स्वच्छता अभियानातच अंगणवाड्यांना त्यासाठी निधी होता. 2014मध्ये स्वच्छ भारत आलं तेव्हा ही जबाबदारी महिला व बालविकास खात्याकडे गेली. पुढे ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेत एका शौचालयाची रक्कम 12,000 रुपयांवरून 36,000 झाली.

पण भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं असलं, तर लहानग्याचे पाय पायठ्यांवर पुरत नाहीत. आत अंधार, खाली भोक. पोर दारातच रडतं आणि चड्डीतच करतं. मग मदतनीस चुलीवरचं पातेलं उतरवून येते, चड्डी सोडते, दोन्ही हात धरून बसवते, धुते, स्वतःचे हात साबणाने धुते आणि पुन्हा वाढायला जाते. उन्हाळ्यात हातपंप आटला, की यासाठीचं पाणीही तिनेच आणायचं.

लहान मुलाची शी निरुपद्रवी, हा समज तर अजून गेलेला नाही. तिच्यातूनही हगवणीचे जंतू पसरतात. लघवी-शी धरून ठेवण्याची ताकद बहुतेक मुलांत दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. त्याआधी रागावून काही साधत नाही.

पन्नास वर्षांत भिंती उभ्या राहिल्या. सवय लावणारी मदतनीस, छोटं भांडं आणि नळाला पाणी, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तिथेच पोर शिकतं. पुढच्या वेळी आपल्या गावच्या अंगणवाडीत गेलात, तर खिचडी चाखाच. पण संडासाचं दार उघडूनही बघा.